साडेचाळीस मिलिमीटरचा आ

माझा आ चपटा आहे, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी तो बिनदिक्कत वापरत होतो. दाढदुखीत वापरला, मुलाच्या निकालाच्या दिवशी वापरला, आणि कारखान्यात पायावर बेअरिंग पडलं तेव्हा तर असा वापरला की तीन खात्यांतली माणसं धावत आली. त्यांतलं एकही माणूस म्हणालं नाही की फिटर, तुमचा आ जरा चपटा येतोय. म्हणाल्या त्या गाण्याच्या बाई, आणि त्याही चौदा जणांसमोर.

वाचनालयाने नवं सभागृह बांधलं होतं. त्याच्या उद्घाटनाला ज्येष्ठांचं समूहगान ठेवायचं ठरलं. बायको पहिल्या फटक्यात निवडली गेली. तिचा आवाज चांगला आहे. चाळीस वर्षं तो स्वयंपाकघरातच गेला, पण भांड्यांच्या आवाजावर मात करून गायलेला आवाज कुठेही टिकतो. अर्ज भरताना तिने मला न विचारताच खाली माझं नाव घातलं.

"मला कशाला?" मी म्हणालो.

"मी तुम्हाला इतक्या वर्षांत काही मागितलं आहे का?"

मी मोठ्याने आठवायला लागलो. पिठाची चक्की, खिडकीला जाळी, मागच्या दाराची कडी.

"ते घराला मागितलं," ती म्हणाली. "मला म्हणून काही मागितलं का? एकदा माझ्या शेजारी उभं राहून गा. बस्स."

मला लिहायला-वाचायला साठीनंतर हिनेच शिकवलं. रोज दुपारी जेवणं झाली की ताटं उचलायची आणि त्याच टेबलावर पाटी ठेवायची. एवढं ज्या बाईने केलं तिला शेजारी उभं राहून चार ओळी देता येत नसतील तर माणसाने तोंड उघडूच नये.

पण तोंड उघडलं, आणि बाईंनी हार्मोनियम थांबवली.

"काका, तुमचा आ गंजलेल्या कपाटासारखा उघडतो. आवाज चांगला आहे हो, पण दारातच अडकतो. स्वरांचे आकार करा. आरशासमोर. आ, ई, ऊ, ए, ओ. प्रत्येकाला तोंडाचा आकार वेगळा. तीन आठवडे देते. मग मी एकेकाला ऐकणार. नाहीच जमलं तर मागच्या रांगेत उभे राहा आणि नुसते ओठ हलवा."

नुसते ओठ हलवा! अडतीस वर्षं मी यंत्रं चालवली. नुसतं चालल्यासारखं दाखवणारं यंत्र आमच्याकडे भंगारात जायचं. मी बायकोकडे पाहिलं. ती हार्मोनियमकडे पाहत होती. घरी येईपर्यंत ती एवढंच म्हणाली, "मागच्या रांगेतून मला तुम्ही दिसणार पण नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. बाईंनी मापं सांगितली होती. आ म्हणजे उभी दोन बोटं आत जातील एवढं तोंड. ओ म्हणजे ओठांत अंडं धरल्यासारखं. ऊ म्हणजे गरम चहावर फुंकर. ई म्हणजे हसू, पण दात न दाखवता, म्हणजे मालकासमोर हसतो तसं. आता मला सांगा, ही काय मापं झाली? दोन बोटं, पण कुणाची? बाईंची बोटं भेंडीसारखी. माझं एक बोट म्हणजे त्यांची दीड. अंडं कोंबडीचं की बदकाचं? अशा मापांवर आम्ही काम केलं असतं तर कारखान्यातला एकही दरवाजा बंद झाला नसता.

तेव्हा मी कपाटातून व्हर्निअर काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे बारीक माप घ्यायचं पोलादी हत्यार असतं, आणि माझ्या मते ते प्रत्येक घरात मिठाच्या बरणीशेजारी असायला हवं. बायको भाजी निवडत गात होती. तिचा आ लागला तसा मी व्हर्निअर पुढे केला.

"हे काय?"

"थांब. मिटू नकोस. चौतीस."

"अहो, पालक निवडतेय मी!"

"आता ओ म्हण."

ती ओ म्हणाली नाही. जे म्हणाली त्यात सगळे स्वर होते, पण इतके भराभर की मोजता आले नाहीत. शेवटी मी तिचा राग उतरायची वाट पाहिली आणि संध्याकाळपर्यंत पाचही मापं वहीत उतरवली. तिचा चेहरा लहान, माझा मोठा. तेव्हा हनुवटीपासून कपाळापर्यंत दोघांची लांबी घेतली, गुणाकार-भागाकार केला आणि माझा आ चाळीस मिलिमीटर निघाला. मला फार बरं वाटलं. इतके दिवस आपल्यात काय कमी आहे हे कळत नव्हतं. आता ते मिलिमीटरमध्ये कळलं.

सराव मात्र कुठे करावा हा प्रश्न होता. न्हाणीघरात आवाज घुमतो म्हणून तिथे उभा राहिलो, आणि तिसऱ्या ओ ला दारावर थापा बसल्या. वरच्या मजल्यावरचे कंपाउंडर. दवाखान्यातून निवृत्त झाले, पण औषधं देणं सोडलेलं नाही. शिवाय ते आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आहेत, त्यामुळे माणूस आजारी पडला तरी त्यांचा आणि नियम मोडला तरी त्यांचाच.

मी दार उघडलं. तोंड ओ मध्येच होतं.

"बसा! हलू नका! दोन्ही हात वर करा. आता हसून दाखवा."

मी हात वर केले आणि सवयीने ई केला.

"एका बाजूला वाकडं होतंय," ते बायकोला म्हणाले. "पक्षाघाताची सुरुवात दिसते."

"ते गाण्याचा सराव करतायत," बायको म्हणाली.

कंपाउंडरांचा चेहरा पडला. हातचा रोगी गेला की कुणालाही वाईट वाटतंच. मग ते सेक्रेटरी झाले. "हे असं चालायचं नाही, फिटर. खालच्या शिंपीणबाईंनी तक्रार केली आहे. तुमचा ई ऐकून त्यांनी एका गिऱ्हाइकाची बाही गळ्याला शिवली. लेखी परवानगी घ्या."

लेखी म्हटल्यावर मी मागे हटणारा नव्हे. उशिरा शिकलेल्या माणसाला अर्ज लिहायची हौस असते. ज्यांनी लहानपणी शिकून घेतलं ते सही करायलाही कंटाळतात. मी दोन पानी अर्ज घेऊन वर गेलो. कंपाउंडरांनी छापील तक्ता काढला.

"वाद्य कोणतं?"

"तोंड."

"तोंड यादीत नाही. तबला, पेटी, बासरी आणि इतर."

"मग इतर लिहा."

"इतरला वाद्याचं वजन लिहावं लागतं."

आम्ही दोघेही बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत होतो, म्हणजे ते थेट आणि मी त्यांच्या कपाटाच्या काचेत. शेवटी वजनापुढे 'जागेवरून हलवता येत नाही' असं लिहिलं आणि परवानगी मिळाली. गच्चीवर, सकाळी अकरा ते बारा. आ, ऊ, ए आणि ओ यांना पूर्ण मोकळीक. ई आठवड्यातून दोनदा, आणि तोही शिंपीणबाई बाजारात गेल्यावर.

गच्चीवर दोन आठवडे गेले. अडचण अशी की मी आरशात पाहून तोंड चाळीसला आणायचो, आवाज काढायला लागलो की ते तीसवर यायचं. आरशात पाहावं तर आवाजाकडे लक्ष नाही, आवाजाकडे पाहावं तर जबडा खाली येतच नाही. हा दोष आमच्या जुन्या ओळखीचा आहे. माप चुकत असेल तर कामगाराला बोल लावायचा नाही, त्याच्या हातात गेज द्यायचं. गेज म्हणजे ठरलेल्या मापाचा ठोकळा. बसला तर माल बरोबर, नाही बसला तर परत.

मी एका जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो आणि लेथवर कातून लाकडाच्या पाच कड्या काढल्या. लोखंडाच्या केल्या असत्या, पण दातांचा विचार केला. एवढा एकच विचार मी दातांचा केला, हे आधीच कबूल करतो. कडी तोंडात उभी धरायची, मधल्या भोकातून आवाज बाहेर. घसरू नये म्हणून कडेला कप्पीसारखी खाच पाडली, त्यात वरचे आणि खालचे दात बसतील अशी. आणि गेज सैल असेल तर ते गेज नव्हे, हा संस्कार हाडात भिनलेला, म्हणून आ च्या कडीला अर्धा मिलिमीटर जास्त ठेवला. साडेचाळीस. प्रत्येकीवर पंचने अक्षर ठोकलं.

तीन दिवस काम झकास चाललं. दहा मिनिटं कडी घालायची, आ लावायचा, काढायची. आवाज सुधारला का, ते मला सांगता येणार नाही, पण माप सुधारलं होतं. चौथा दिवस परीक्षेच्या आदल्या दिवसाचा. म्हटलं, आज अर्धा तास ठेवू.

माझं सगळं आयुष्य लोखंडात गेलं. लोखंड तापलं की फुगतं, हे मी झोपेतही सांगेन. पण लाकूड थुंकीने फुगतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पस्तीस मिनिटांनी कडी काढायला गेलो, तर ती निघेना. दात खाचेत रुतलेले. ते बाहेर काढायचे तर तोंड अजून उघडायला हवं, आणि माझ्याकडे आणखी तोंड शिल्लक नव्हतं. भरीस भर, जबड्याला गोळा आला. मी तसाच जिना उतरून घरात गेलो आणि बायकोसमोर उभा राहिलो.

"आ," मी म्हणालो.

"छान," ती कणीक मळत म्हणाली. "कालच्यापेक्षा मोकळा आहे."

"आ! आ!"

"हो, कळलं. आता ओ करा."

मी पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: अडकलं. तिने वाचलं, माझ्या तोंडात वाकून पाहिलं, आणि पिठाच्या हाताने कडी ओढली. कडीबरोबर मीही ओढला गेलो. मग ती ओट्याला टेकून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले, त्यामुळे डोळ्यांना पीठ लागलं, त्यामुळे रडायला लागली, आणि नेमके त्याच वेळी कंपाउंडर दारात आले. त्यांनी पाहिलं की नवरा आ वासून उभा आहे आणि बायको रडते आहे.

"मी म्हणालो होतो," ते म्हणाले.

खरा प्रकार कळल्यावर त्यांनी तीन उपाय केले. पहिला, कोमट पाण्याच्या गुळण्या. त्या घेतल्याने लाकूड आणखी फुगलं. दुसरा, गोडेतेल. ते भोकातून सरळ सदऱ्यावर आलं. तिसरा, तपकीर. शिंकेच्या जोराने कडी उडेल असं त्यांचं म्हणणं होतं. मी सात शिंका दिल्या. उघड्या तोंडाने शिंकणं म्हणजे काय ते ज्याने केलं आहे त्यालाच ठाऊक, आणि असा दुसरा कुणी असेल असं वाटत नाही. शिंका ऐकून शिंपीणबाई वर आल्या. त्यांनी गळ्यातली टेप काढून माझ्या तोंडाला लावली.

"चार सेंटिमीटर आहे, काका."

मी जोरजोरात मान हलवली. चार नाही! चार पूर्णांक शून्य पाच! पण हे आ मध्ये सांगता येत नाही.

शेवटी बायकोने पिठाचे हात धुतले, पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "चला. उपाय पुरे झाले."

रिक्षात बसल्यावर ती रुमालाने माझी हनुवटी पुसत होती. थोड्या वेळाने, रस्त्याकडे पाहत म्हणाली, "उद्याचं राहू द्या आता. मी बाईंना सांगते की मीही मागच्या रांगेत उभी राहते. ओठ हलवायला काही फार लागत नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

रुग्णालयात खिडकीमागे एक कारकून होता. केसपेपर काढल्याशिवाय आत सोडत नाहीत.

"नाव?"

"आ."

"पुढे?"

"आ."

"पूर्ण नाव सांगा, मागे लोक उभे आहेत."

"अहो, त्यांच्या तोंडात कडी आहे," बायको म्हणाली.

"बाई, पेशंट शुद्धीवर असेल तर पेशंटने बोलायचं. हे शुद्धीवर आहेत ना?"

त्याबद्दल बायकोने उत्तर द्यायला जरा वेळच लावला. मी खिडकीतून हात घालून त्याचं पेन घेतलं आणि नाव लिहायला लागलो. मी सावकाश लिहितो. वेलांटी देताना घाई करत नाही. मागची रांग दाराबाहेर गेली. कारकून दोनदा घड्याळाकडे पाहून म्हणाला, "राहू द्या, पुढचं मी लिहितो," पण मी कागद सोडला नाही. तोंड गेलं होतं, निदान नाव तरी आपल्या हाताने जावं.

"वस्तू घशात गेली की दातांत अडकली?" त्याने विचारलं.

"दातांत."

"मग दातांचा विभाग. अपघात की स्वतःहून?"

"स्वतःहून," बायको म्हणाली. "मापं घेऊन."

दातांच्या विभागात तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने दिवा जवळ आणला. "यावर काहीतरी लिहिलं आहे," ती म्हणाली आणि वाकून वाचलं. "आ." मग माझ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. "कुठे घालायचं हे कळावं म्हणून का?"

तिने काही ओढाताण केली नाही. कानाखाली, जबड्याच्या सांध्यावर अंगठे ठेवले आणि हळूहळू चोळायला लागली. "काका, तुम्ही हे दातांनी घट्ट धरून ठेवलंय. ते तुम्हाला धरून नाही. सोडा. खांदे पण सोडा. काही करू नका."

काही करू नका असं मला अडतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मला ते येईना. पाच-सात मिनिटं गेली. मग मान सैल पडली, खांदे खाली आले, जीभ मागे निवांत पडून राहिली. बारीक करवतीचा आवाज झाला आणि कडीचे दोन तुकडे तिच्या हातात आले.

"आता एकदा आ म्हणा. दुखतंय का पाहू."

मला जबडा जागेवर आहे की नाही हेही कळत नव्हतं. माप घ्यायची ताकद नव्हती. मी नुसतं तोंड सोडलं आणि म्हणालो, "आ."

तो आवाज माझा आहे असं मला आधी वाटलंच नाही. तो छातीतून निघाला, कुठे न अडकता बाहेर आला आणि भिंतीला जाऊन टेकला. शेजारच्या खुर्चीवर कुरकुरणारा रोगी गप्प झाला. बाहेरून कारकुनाचा आवाज आला, "झालं का बोलायला सुरू? मग वय सांगा, रकाना रिकामा आहे."

"दुखतंय का?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

मी मान हलवली. बायको दारापाशी पिशवी पोटाशी धरून उभी होती. ती म्हणाली, "परत म्हणा."

"त्यांना दुखत नाही, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी," बायको म्हणाली. मी परत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला गेलो तेव्हा गाल सुजलेले आणि पोटात फक्त पेज. जबडा इतका हुळहुळा झालेला की जोर लावायची सोयच नव्हती. बाईंनी सूर दिला. मी आ लावला, ऊ लावला, ओ लावला. ई ला मालकासमोरचं हसूसुद्धा येईना, म्हणून नुसताच सोडून दिला. बाईंची बोटं पट्ट्यांवर थांबली.

"काका, आज काय वेगळं केलंत?"

"काहीच केलं नाही," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं.

"मग उद्घाटनालाही काहीच करू नका. पहिल्या रांगेत, काकूंच्या उजव्या हाताला."

बायकोने मोठ्याने श्वास सोडला. बाई म्हणाल्या, "काकू, हा श्वास पोटातून आला पाहिजे होता."

उद्घाटनाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. भाषणं लांबली, माइक दोनदा बंद पडला, ते सगळीकडेच होतं. आम्ही उभे राहिलो. बायकोचा खांदा माझ्या दंडाला लागत होता. मी गायलो. पाचही स्वर गायलो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, ओठ हलले ते आवाजासकट.

टाळ्या झाल्यावर खाली उतरतो तर कंपाउंडर वाट अडवून उभे.

"फिटर, मी तिसऱ्या रांगेत खास तुमच्यासाठी कान देऊन बसलो होतो. तुमचा आवाज कुठेच आला नाही. खरं सांगा, नुसते ओठच हलवत होतात ना?"

एवढं सगळं करून ऐकूच आलो नाही? तेवढ्यात मागून बाई आल्या. "कंपाउंडरकाका, पंधरा जणांचा मिळून एकच आवाज आला, यालाच समूहगान म्हणतात. यांचा वेगळा निघाला असता तर मी पेटी थांबवली असती." असं म्हणून त्या निघून गेल्या.

म्हणजे आपण उत्तम गायलो आणि त्याचा पुरावा हा की आपण ऐकू आलो नाही. हे माझ्या डोक्यात बसेना. तयार माल असा कुठे असतो, जो दिसला की नापास? वाटेवर मी पावलं मोजत चाललो.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"कुणालाच ऐकू आलं नाही."

ती थोडी पुढे चालत होती. मागे वळली नाही.

"मला आलं की," ती म्हणाली. "उजव्या कानात. तिसऱ्या ओळीला जरा पुढे पळालात, तर मी कोपर मारलं. लागलं का?"